दातातली वाट

प्रभाकर सुर्वे हे नाव अख्ख्या तालुक्याला पाठ होतं. करंजघरचा टेम्पोवाला, बाई मारून दगडखाणीच्या डबक्यात टाकणारा तो सुर्वे. त्याला पकडल्याचं पेपरात आलं, जन्मठेप झाल्याचं आलं, शिक्षेत सूट मिळून तो सुटला तेही आलं. जिला मारलं तिचं नाव मात्र कशातच आलं नाही, कारण ते कोणाला ठाऊकच नव्हतं. निकालात ती ‘अनोळखी स्त्री, वय अंदाजे वीस’ एवढीच उरली. टेम्पोत तिचं रक्त सापडलं, फुटलेल्या बांगड्या सापडल्या, सुर्व्यानं गुन्हा कबूल केला, आणि कायद्यानं हात झटकले. खून कोणी केला ते कळलं ना, मग झालं तर!

केतकी राऊत ही त्या सुर्व्याची एकुलती एक मुलगी. बापाला बेड्या पडल्या तेव्हा ती चौथीत होती. आईनं तिचा हात धरून पुणं गाठलं, तिच्या नावापुढं आपलं माहेरचं आडनाव लावलं आणि मरेपर्यंत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. केतकीला बापाचा संताप होता, लाज होती, ते सगळं तर होतंच. पण त्याहून एक प्रश्न तिला लहानपणापासून पोखरत आला होता. ती कोण होती? कोणाची होती? तिची वाट बघत कोणी बसलं होतं का? पुढं केतकीनं दातांचं शास्त्र निवडलं. ‘दवाखाना काढणार वाटतं?’ असं लोक विचारत. ती नाही म्हणे, आणि लोक विषय बदलत.

दात ही मोठी विलक्षण चीज आहे. आपल्या अंगातलं बाकी सगळं बदलत राहतं. कातडी, रक्त, अगदी हाडंसुद्धा हळूहळू नवी होतात. दातावरचं टणक कवच, म्हणजे इनॅमल, तेवढं एकदाच घडतं. ते लहानपणी हिरडीच्या आत घडतं आणि मग मरेपर्यंत, मेल्यावरही, तसंच राहतं. घडतं तेही घाईनं नाही. सारवलेल्या भिंतीवर पुन्हा पुन्हा हात फिरावा तसा दिवसाला एक पापुद्रा चढत जातो. पहिली दाढ जन्माच्या सुमारास आकार घ्यायला लागते, दुसरी तिच्यामागून, आणि अक्कलदाढ शाळकरी वयात. तीन दाढा हाती आल्या की माणसाचं सगळं बालपण हाती आलं म्हणायचं.

आणि पाण्याला पत्ता असतो. समुद्रावरून ढग येतो तेव्हा त्यातलं जड पाणी आधी कोसळतं, कोकणातच. घाट चढून ढग देशावर येईपर्यंत त्यात हलकं पाणी उरतं. जिभेला दोन्ही सारखीच लागतात, फरक असतो तो अणूंच्या वजनात. खडकाचंही तसंच. सह्याद्रीच्या काळ्या कातळातून झिरपलेल्या पाण्यात स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूची एक खूण असते, खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात दुसरी. मूल जे पाणी पितं त्याची खूण त्या दिवसाच्या पापुद्र्यात जाऊन बसते. पूर्वी शास्त्रज्ञ दाताचा तुकडा कुटून सगळ्या खुणांची सरासरी काढत. आता पुण्याच्या प्रयोगशाळेत असं यंत्र आलं होतं की ते केसाहून बारीक अशा प्रकाशाच्या टोकानं एकेक पापुद्रा सुटा वाचायचं. एका दिवसाची खूण शेजारच्या दिवसांत थोडी सांडलेली असते, तीही ते गणितानं गोळा करून जागच्या जागी ठेवायचं. जोडीला देशभरातल्या विहिरी, ओढे, नद्या, बोअर यांच्या पाण्याचा नकाशा होता.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. बसवराज मगदूम मिरजेकडचे. त्यांच्या लहानपणी वर्षातून एकदा हेळवी दारात येऊन घराण्याच्या पिढ्याच्या पिढ्या धडाधडा म्हणून दाखवायचा. म्हणून त्यांनी यंत्राचं नाव ‘हेळवी’ ठेवलं होतं.

“ह्यो बी तसलाच की,” ते पाहुण्यांना सांगत. “फकस्त जोंधळं मागत न्हाई, वीज खातोय.”

सरकारनं राज्यातल्या बेवारस मृतांचे जपून ठेवलेले दात हेळव्याकडून वाचून घ्यायचं ठरवलं, आणि छोट्या छोट्या पेट्या पुण्याला यायला लागल्या. एक दिवस केतकीच्या टेबलावरच्या पेटीवर ‘करंजघर दगडखाण’ अशी चिठ्ठी होती.

नियम स्पष्ट होता: मृताच्या किंवा आरोपीच्या नात्यातल्या माणसानं त्या कामाला हात लावायचा नाही. हा नियम नव्या लोकांना समजावून सांगायचं काम तिचंच होतं. तिनं दार लोटून घेतलं आणि पेटी उघडली.

तीन दाढा होत्या, स्वच्छ, पांढऱ्या, किडीचा मागमूस नसलेल्या. आपल्या बापानं जिचा जीव घेतला तिच्या शरीरातलं एवढंच शिल्लक होतं. केतकीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. ती नुसती बघत राहिली.

या प्रकरणात पूर्वी एकदा जुन्या पद्धतीनं दात तपासला होता. सरासरी काढल्यावर नकाशावर घाटमाथ्याखालचं एक गाव आलं होतं. पोलिसांनी त्या गावात घरोघर विचारलं, चौकात रेखाचित्र लावलं, पंचायतीत दवंडी दिली. तिथल्या एकूण एक पोरी जागेवर होत्या, नाही तर सासरी होत्या. गावकरी शेवटी वैतागले आणि तपास तिथंच आटोपला.

हेळव्यानं आठवडाभर वाचन केलं. आलेख पडद्यावर उमटला तेव्हा केतकी चक्रावली. रेघ एका जागी ठरतच नव्हती. समुद्राकडे जायची, मग कातळाकडे, परत समुद्राकडे. मगदूमांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं.

“घाण मिसळलीया कशाची तरी. न्हाईतर यंत्र बिघडलंय. माणसाचा दात असा नाचत नसतोय, केतकी.”

“सर, नाचतोय खरा, पण तालात नाचतोय.”

तिनं आलेखाची वर्षं सुटी करून एकाखाली एक मांडली. मगदूमांनी चष्मा परत डोळ्यांवर ओढला. दर वर्षी तीच रेघ होती. पावसाळाभर कातळाचं, हलकं पाणी. पावसाळा सरला की एक तीव्र उतार, आणि मग महिनोन्महिने समुद्राच्या वाऱ्यातलं पाणी. उन्हाळा सरत आला की तोच तीव्र चढ, आणि परत कातळ. पहिल्या वर्षीही तेच, दहाव्या वर्षीही तेच. आणि कोकणातल्या त्या महिन्यांतही पाणी एक नव्हतं. दर थोड्या दिवसांनी बदलत होतं, पण दर वर्षी त्याच क्रमानं.

“ऊसतोडीला जाणारी असतील,” मगदूम म्हणाले.

“ऊसतोडवाले समुद्राकडे कशाला जातील? वीटभट्टीवाले एका जागी राहतात. ही चालत होती, सर. लहानपणी, सतत.”

बोलता बोलता तिला उत्तर समोर दिसलं, आणि ती खुर्चीत बसली. भात कापून झालं की करंजघरच्या शेतात मेंढ्या बसायच्या. देशावरचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून यायचे. त्यांची मेंढरं रात्री शेतात बसली की शेताला फुकट खत मिळायचं, त्याबद्दल केतकीचे आजोबा त्यांना भात मोजून द्यायचे. पावसाच्या आधी ते परत घाट चढायचे, कारण कोकणातल्या पावसात मेंढीचे खूर कुजतात. धनगरांच्या चालत्या तळाला वाडा म्हणतात. घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं, आणि मागं मेंढरांचा लोंढा. त्या वाड्याला ना पाया असतो ना भिंत, आणि नकाशावर ठिपका देता येईल असा तो कुठंच नसतो.

सगळ्यांनी गाव शोधलं होतं. आपल्याकडे माणूस भेटलं की पहिला प्रश्न गाव कुठलं हाच असतो, आणि शास्त्रज्ञांनी दाताला नेमका तोच विचारला. कोकण आणि देश यांची सरासरी काढली की मधलं एक गाव येतं, जिथं ती पोर उभ्या जन्मात कधी राहिली नव्हती.

त्या दुपारी दोघांनी ती रेघ जन्मापासून वाचत आणली. इनॅमलमध्ये जन्माची एक वेगळी ठळक रेघ असते. आईच्या पोटातून बाहेर पडल्याचा धक्का तिथं नोंदलेला असतो. या मुलीची जन्मरेघ नेमकी उताराच्या मधोमध होती.

“घाटातच जन्मली,” मगदूम हळूच म्हणाले. “घाट उतरताना. आयला! केतकी, मी ह्या धंद्यात केस पांढरे केले, पर असलं काय बघितलं नव्हतं.”

पुढं आईच्या दुधाचे महिने होते. मग शेळीमेंढीच्या दुधाच्या खुणा यायला लागल्या, त्या जनावरांनी चरलेल्या रानांसकट. एक लांबलेला ताप होता. पाचव्या वर्षी एक काळपट पट्टा होता: काहीतरी भयंकर झालं असणार, मुलीच्या पोटात पंधरवडाभर धड अन्न नव्हतं. मग रेघ सावरली आणि ती परत चालू लागली. शाळेत जाणाऱ्या मुलांनी भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्री रंगवावा त्या वयात ही पोर तो दर वर्षी दोनदा पायांनी ओलांडत होती. केतकीला भरून आलं. जिचं केवळ मरण ठाऊक होतं ती मुलगी समोर पहाटेला उठत होती, ओढ्याचं पाणी पीत होती, घाट चढत होती. हरवलेलं काहीच नव्हतं. सगळे दिवस जसेच्या तसे होते. फक्त नाव नव्हतं. नाव दाताला कळत नाही.

“सर,” ती म्हणाली, “मला तुम्हाला एक सांगायचंय. मी ह्या कामाला हात लावायला नको होता.”

तिनं सगळं सांगितलं. मगदूमांनी उठून खिडकीशी एक चक्कर मारली.

“तू वाचलंस ते सगळं मी दुसऱ्याकडनं नव्यानं वाचून घेणार. अहवालावर तुझं नाव असणार न्हाई. आणि तुझ्यावर कारवाई हुईल, ती मी थांबवणार न्हाई.” त्यांनी पेटीचं झाकण लावलं. “वाचलंस मात्र झ्याक, पोरी.”

दुसऱ्या वाचनातही तेच आलं. रेघेवरून घाट कुठला तेही कळलं. दिवाळीनंतर त्या घाटाच्या तोंडाशी पोलीस थुंकीचे नमुने घ्यायच्या नळ्या घेऊन उभे राहिले आणि उतरणाऱ्या प्रत्येक वाड्याला विचारलं: बावीस वर्षांपूर्वी कोणाची मुलगी कोकणातून परत आली नाही? आता वाडे कमी राहिले होते. घोड्यांच्या पाठीवर सोलरचे पत्रे आले होते, मेंढ्यांच्या गळ्यात जागा कळवणारे पट्टे आले होते. ठकूबाई कोकरे नावाच्या म्हातारीनं प्रश्न पुरता ऐकलाही नाही. तिनं सरळ तोंड उघडलं आणि म्हणाली, “घ्या थुकी.”

डीएनए जुळला. पोलिसांनी म्हातारीला रीतसर सांगितलं की तुमची मुलगी सापडली आहे आणि ती मेलेली आहे. त्यावर तिचा निरोप आला: ज्यानं दात वाचला त्याला माझ्याकडं धाडा.

मगदूमांनी केतकीला बोलावून घेतलं. “आता ह्यात मी काय करू सांग. मी जाऊ शकतोय. मीच वाचला म्हणून थाप मारली तर म्हातारीला काय कळणार न्हाई. पर तू ठरव.”

केतकी गेली.

वाडा तेव्हा कापलेल्या भातखाचरांत उतरला होता. मेंढरं चरायला गेली होती. ठकूबाई तीन दगडांच्या चुलीपुढं बसली होती. वाळून काटकुळी झालेली, पण कणा ताठ. थोरला मुलगा बिरू घोड्याला चारा घालत होता, त्यानं केतकीला बसायला घोंगडं टाकलं.

“तूच का गं?” ठकूबाईनं विचारलं. “म्या म्हनलं यखांदा म्हातारा येतोय. बस. काय काय दिसलं दातात, समदं सांग. येक बी सोडू नगंस.”

केतकीनं सुरुवातीपासून सुरुवात केली. “ती घाटात जन्मली. उतरताना.”

म्हातारीचा हात चुलीशी थबकला. तिनं मुलाकडं बघितलं. “बिरू, ऐकलंस का रं?” मग केतकीकडं वळून, “निम्म्या घाटात पोटात कळा सुरू झाल्या. खालचा तळ गाठू म्हनलं, पर कुटलं! करवंदीच्या जाळीआड झाली. दुसऱ्या दिशी तिला वट्यात घिऊन म्या चालत हुते. हे दातात हाय?”

“आहे.”

“पुढं?”

“दुसऱ्या वर्षी मोठा ताप आला होता.”

“गोवर. पुढं?”

“पाचव्या वर्षी काहीतरी झालं. पंधरा दिवस तिला नीट खायला नव्हतं.”

ठकूबाईनं डोळे मिटले. “गारा पडल्या. आंब्यायेवढाल्या. मेंढरं मेली, दोन घोडी मेली. धान्य भिजून गेलं. तिच्या बानं तिला घोंगड्याखाली घिऊन पाठीवर गारा झेलल्या, महिनाभर पाठ काळीनिळी. अगं बाई, आमचं समदं पोरीनं दातात साठवून ठिवलं व्हय!”

ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. कुठली नदी, कुठला पाणवठा, कुठल्या वर्षी वाट बदलली, केतकी सांगत गेली आणि म्हातारी एकेकाला मान हलवत गेली. इतकी वर्षं ती जे एकटीच्या डोक्यात धरून होती त्याला आज दुसरा साक्षीदार मिळाला होता. केतकीनं आयुष्यात पुष्कळ प्रयोग केले होते, पण एखादं उत्तर बरोबर आल्याचा असा थरार तिला कधी झाला नव्हता.

“तिचं नाव काय होतं?” तिनं विचारलं.

“बाणाई. बानू म्हनायचो.”

केतकीनं ते नाव मनात म्हणून बघितलं. मग तिला पुढं थांबता येईना. “आजी, मी तुम्हाला एक सांगितलं नाही. ज्यानं तिला मारलं तो सुर्वे माझा बाप. मी तेव्हा लहान होते. तुम्ही मला हाकललंत तरी चालेल.”

बिरूनं चाऱ्याचा भारा खाली टाकला. त्याच्या मुठी वळल्या. ठकूबाईनं नुसता हात वर केला, तसा तो जागच्या जागी थांबला. चुलीतलं लाकूड विझत आलं होतं, ते तिनं पुढं सारलं.

“मग तुला इचारते,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुनाला इचारू? त्या दिशी सकाळी म्या बानूला लई बोलले. तिच्या हातनं करडू चुकलं. म्हनलं, करडू घावल्याबिगर तोंड दावू नगंस. ती गेली ती गेली. आमी चौकीत गेलो, तर साहेब म्हनला गाव कंचं? म्हनलं गाव न्हाय, वाडा हाय. तर म्हनला तुमच्या गावच्या ठाण्याला जावा. तिकडं गेलो, तर म्हनं पोरगी हरवली तितं जावा. धनी तसाच वनवन करीत मेला. लोक म्हनायचे, पळून गेली आसंल कुनाचा हात धरून. कोन म्हनायचं, तुझ्या बोलन्याला कावून गेली.”

तिनं पदरानं नाक पुसलं.

“म्या लेकरांना शिकवलेलं हुतं. चुकलासा तर नाव सांगायचं, बाचं नाव सांगायचं, वाडा कंच्या अंगाला गेलाय त्ये सांगायचं. कुनीबी आनून सोडतं. रानावनात राहनाऱ्याला त्येच यायला पायजे. मग तिनं का न्हाय सांगितलं? कोर्टात म्हनं तुझा बा बोलला, नाव म्हाईत न्हाई. तिनं सांगितलंच न्हाई? तिला घरला यायचंच नव्हतं का?”

दात वयात येण्यापर्यंतचं सांगतो. विसाव्या वर्षी रागावलेली मुलगी कोणत्या दिशेनं निघाली होती हे जगातल्या कुठल्याच यंत्राला वाचता येत नव्हतं. ते ठाऊक असलेलं एकच माणूस जिवंत होतं.

करंजघर तिथून जवळच होतं. बाप सुटून आल्यापासून तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. ती गेली तेव्हा प्रभाकर सुर्वे ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसला होता. तो इतका म्हातारा झाला असेल असं तिला वाटलं नव्हतं. तो उठायला गेला, शेंगा सांडल्या.

“केतू?”

“बसा. मला एकच विचारायचंय. ती टेम्पोत बसल्यापासून काय काय बोलली?”

“ते सगळं मी कोर्टात सांगितलं.”

“कोर्टात तुम्ही सांगितलंत की ती काही बोललीच नाही. एवढा वेळ एक मुलगी गप्प बसली?”

तो सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागला. केतकी उभीच राहिली. तिनं बानूचं नाव उच्चारलं नव्हतं, आणि तो स्वतःहून सांगेपर्यंत उच्चारायचं नाही असं ठरवून आली होती. तो शेंगांकडे बघतच बोलला.

“बडबडी होती. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, मी धुळा कोकऱ्याची बानू. आमचा वाडा पुढं गेलाय, नदीच्या पल्याड. तिथं सोडा मला. करडू होतं तिच्याकडे, घोंगडीत गुंडाळलेलं. मला दाखवलं. म्हणाली, घावलं एकदाचं. लवकर चला म्हणाली, आई जेवायची थांबली आसंल.”

देशभरचं पाणी तपासलं गेलं, नकाशे झाले, यंत्रं झाली, ती स्वतः अर्धं आयुष्य त्या नावामागं धावली, आणि ते नाव इथं, तिच्या स्वतःच्या बापाच्या तोंडात पडून होतं. पहिल्या दिवसापासून!

“का नाही सांगितलंत?” तिनं विचारलं.

“वकील म्हणाला, नाव माहीत नाही म्हण. नाव आलं की आईबाप येतील, कोर्टात ऊर बडवतील, जज्जसाहेब फाशी देतील. पुढं...” त्यानं एक शेंग उचलली आणि परत ठेवली. “पुढं सांगायला तोंड राहिलं नाही. तिची आई आहे?”

“आहे.”

“काय म्हणाली? माझ्याबद्दल?”

“तुमच्याबद्दल तिनं काही विचारलं नाही,” केतकी म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

ती खाचरांशी परत पोचली तेव्हा वाडा हलला होता. चुलीचे तीन दगड काळे होऊन पडले होते. लेंड्यांचा आणि खुरांचा माग धरून ती चालत राहिली. नदी लागली. पाणी घोट्यापर्यंतच होतं, ती चपला हातात घेऊन उतरली. पलीकडच्या माळावर घोड्यांवरचं ओझं उतरत होतं, कोंबड्या सुटून धावत होत्या, ठकूबाई नव्या चुलीला दगड लावत होती. केतकीला बघून तिनं हातातला दगड तसाच धरून ठेवला.

“आजी, तिनं सांगितलं होतं,” केतकी धापा टाकत म्हणाली. “तुम्ही शिकवलं होतं तसंच सगळं सांगितलं होतं. मी धुळा कोकऱ्याची बानू. आमचा वाडा पुढं गेलाय, नदीच्या पल्याड. मला तिथं सोडा. करडू घावलं होतं तिला, घोंगडीत घेतलं होतं. म्हणाली, लवकर चला, आई जेवायची थांबली आसंल.”

ठकूबाई खाली बसली. तिनं दगड मांडीवर घेतला आणि त्यावरून हात फिरवत राहिली. बिरू धावत आला, तिच्या खांद्याला धरून विचारायला लागला, काय झालं, आये, काय झालं?

“काय न्हाय रं,” म्हातारी म्हणाली. “बानू घरलाच येत हुती.”